परदेशातल्या गावात स्वयंसेवक म्हणून जाऊन खरंच शिकता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीचं शेवटचं वर्ष, विषय ग्रामविकास, आणि परदेशी विद्यापीठाची पूर्ण फी भरणं शक्य नाही. अशात एका संस्थेचा सहा महिन्यांचा ‘स्वयंसेवा आणि शिक्षण’ कार्यक्रम समोर आला आहे. गावात राहायचं, लोकांसोबत काम करायचं आणि शेवटी प्रमाणपत्र. हे शिक्षण म्हणून धरलं जाईल का, पुढे पदव्युत्तर प्रवेशाला त्याचा उपयोग होईल का, आणि संस्था खरी की नुसती पैसे उकळणारी हे कसं ओळखायचं?

एकोणीस वर्षं मी हेच काम करतो आहे. आधी विद्यार्थ्यांना परदेशातल्या गावांमध्ये पाठवत होतो, नंतर काही वर्षं यजमानांच्या बाजूला राहून आलेल्यांना सांभाळलं. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. गावात शिकायला मिळतं, आणि वर्गात कधीच मिळणार नाही असं मिळतं. मात्र त्यासाठी आपला ठरवलेला प्रश्न बाजूला ठेवून गावाचा प्रश्न उचलावा लागतो आणि तो पेलेल इतका वेळ द्यावा लागतो. व्हिसा, क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक), निधी यावरही लिहितो, कारण अर्ज अडतात ते तिथेच.

आधी एक गुंता सोडवू. ‘स्वयंसेवेतून परदेशी शिक्षण’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातच बसवलेलं गावातलं काम, ज्याला सर्व्हिस लर्निंग म्हणतात. तिथे एक प्राध्यापक जबाबदार असतो, वाचन असतं, लेखन असतं, गुण असतात. दुसरी, सरकारी निधीवर किंवा जुन्या स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी दीर्घ सेवा. तिथे राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च मिळतो, क्रेडिट सहसा मिळत नाहीत. तिसरी, फी घेऊन दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत गावात नेऊन सोडणाऱ्या कंपन्या. त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे हजेरीचा दाखला, त्याहून जास्त काही नाही.

तुमचा कार्यक्रम यातला कोणता, हे एका प्रश्नावर कळतं: गुणपत्रिका कोण देणार? विद्यापीठाचं नाव, विभागाचं नाव आणि विषयाचा सांकेतिक क्रमांक लेखी मिळाला तर पहिला प्रकार. ‘आमचं प्रमाणपत्र जगभर मान्य आहे’ असं उत्तर आलं तर तिसरा. असं जगभर मान्य प्रमाणपत्र अस्तित्वातच नाही. क्रेडिट धरायचे की नाहीत हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं, आणि ते जाण्याआधी ठरवून घ्यावं लागतं. परत आल्यावर फाइल घेऊन विभागात गेलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांचं काम झालेलं मी पाहिलं आहे.

क्रेडिटचं गणित मात्र अवघड नाही. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण शैक्षणिक वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणजे पाच क्रेडिटसाठी १२५ ते १५० तास. आठवड्याला २० तास धरले तर आठ आठवड्यांत ते भरतात. पण निव्वळ तासांवर कोणी क्रेडिट देत नाही. दीडशे तास झाडं लावली म्हणून शिक्षण झालं असं कुठलाच विभाग मानणार नाही. ते पाहतात रोजची टिपणवही, एखादा अहवाल, मार्गदर्शकासोबतच्या ठरावीक बैठका, आणि सुरुवातीला लिहून दिलेली शिकण्याची उद्दिष्टं. हे सगळं ज्या कागदावर येतं तो म्हणजे लर्निंग अॅग्रीमेंट. त्यावर तीन सह्या हव्यात: तुमची, तुमच्या विभागाची आणि तिथल्या यजमान संस्थेची. हा कागद हातात नसताना विमानाचं तिकीट काढू नका.

पैशांची अडचण तुम्ही स्पष्ट सांगितली आहे, म्हणून दुसऱ्या प्रकाराकडे नीट बघा. त्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेझोल या स्विस माणसाने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. घरं पुन्हा उभी करायला काल लढलेल्या दोन्ही बाजूंचे लोक एकत्र आले. त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. आज तिच्यासारख्या संस्थांची दोन-तीन आठवड्यांची वर्ककॅम्प, म्हणजे एकत्र राहून काम करायची शिबिरं, अनेक देशांत होतात. मी नव्या मुलांना या कामाची एक बाजू नेहमी सांगतो. त्या पहिल्या गावात जर्मन स्वयंसेवकांवरून स्थानिक पातळीवर नाराजी झाली आणि काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. हेतू इतका चांगला, हात इतके कामसू, तरी गावाची संमती पक्की नव्हती म्हणून काम अडलं.

सध्याच्या मोठ्या योजनांमध्ये पात्रतेचा मुद्दा सगळ्यात आधी तपासा, कारण त्यातल्या बऱ्याच नागरिकत्वाला बांधलेल्या असतात. अमेरिकेची १९६१ पासूनची पीस कोअर ही योजना फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. प्रशिक्षणासह २७ महिने. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर १८ ते ३० वयाच्या तरुणांना वर्षभरापर्यंतची सेवा देतं, पण युरोपीय संघ आणि आसपासच्या ठरावीक देशांतल्याच. जर्मनीची वेल्टव्हेर्ट्स योजना २००८ मध्ये सुरू झाली ती जर्मनीतून बाहेर जाणाऱ्यांसाठी. २०१३ पासून उलट दिशाही उघडली, म्हणजे भागीदार देशांतले तरुण जर्मनीत येऊ लागले. शिवाय तिथे बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा आहे, आणि पर्यावरणाचं स्वयंसेवी वर्ष म्हणून एफओयॉट (FÖJ) आहे, ज्यात शेतं, जंगलं, निसर्ग केंद्रं इथे काम करता येतं. हातखर्च आणि सामाजिक विमा मिळतो, परदेशी तरुणही अर्ज करतात. मात्र जर्मन भाषा यायला हवी, आणि ‘थोडीफार येते’ इतकी पुरत नाही. यजमान संस्था मुलाखतीतच तपासते.

ग्रामविकास हाच विषय असेल तर जपानमधली एशियन रूरल इन्स्टिट्यूट नजरेआड करू नका. तोचिगी प्रांतात १९७३ पासून चालते. सेंद्रिय शेती, जनावरं, स्वयंपाकघर आणि नेतृत्वाचं प्रशिक्षण असा नऊ महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम आहे. शिकणारे आणि शिकवणारे एकाच शेतात राबतात, स्वतः पिकवलेलं खातात. पण हा कार्यक्रम आपल्या भागात आधीपासून गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला पाठवणारी संस्था लागते आणि परत येऊन तिथेच काम करण्याची तयारी लागते. म्हणून आज लगेच नाही, पण दोन-तीन वर्षं काम करून मग गेलात तर त्याचं सोनं होईल.

वूफ या शेतांच्या जाळ्याबद्दलही विचारतात. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी शहरातल्या माणसांनी सेंद्रिय शेतावर हात लावावा, एवढ्याच कल्पनेतून ते सुरू झालं. रोज काही तास काम, बदल्यात राहणं-जेवण. शेती हाताने शिकायला उत्तम. पण ते शिक्षणक्रम नाही, क्रेडिट नाहीत, आणि व्हिसाची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

आता मुख्य गोष्टीकडे येतो: तिथे जाऊन करायचं काय.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पर्यावरण अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी आली होती. डोंगराळ भागातल्या एका गावात तिला पाच महिने राहायचं होतं. सोबत चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली आणली होती: पाण्याचा वापर, शुद्धीकरण, आरोग्य. पहिल्या दोन आठवड्यांत तिने ती अकरा घरांत भरून घेतली आणि सगळ्यांची उत्तरं जवळजवळ सारखीच आली. लोक तिला बरं वाटेल तेच सांगत होते. ती हिरमुसली. मी म्हटलं, प्रश्नावली पेटीत ठेव आणि सकाळी हातपंपावर रांगेत उभी राहा. पाणी तुलाही लागतंच ना?

चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की अगदी पहाटे पहिली येणारी बाई दांडा मारताना ओठांतल्या ओठांत मोजते. विचारल्यावर बाई म्हणाली, काल तेरा, आज सतरा. म्हणजे काय? तर रात्रभर पंप बंद राहिला की सकाळी पाणी वर यायला जितके हात मारावे लागतात तो आकडा. आकडा वाढत चालला की खालचं काहीतरी जातंय, लवकरच पंप बंद पडणार, हे त्या बाईला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. त्यामागचं कारण विद्यार्थिनीला पुस्तकातून ठाऊक होतं. नळीच्या तळाशी एक झडप असते, तिला फूट व्हॉल्व्ह म्हणतात. ती नीट बसत असेल तर पाण्याचा खांब रात्रभर नळीत उभा राहतो आणि सकाळी दोन-चार हातांतच पाणी येतं. झडप गळू लागली की खांब खाली उतरतो, आणि तो पुन्हा भरेपर्यंत दांडा मारत बसावं लागतं. एकीकडे तेरा-सतराचा आकडा, दुसरीकडे झडपेची आकृती. दोघींचं ज्ञान एकमेकींना त्या सकाळी भेटलं.

पुढचे अकरा आठवडे ती आसपासच्या सात पंपांचे पहाटेचे आकडे त्या-त्या बायकांकडून गोळा करत होती. स्वतः मोजत नव्हती, हे महत्त्वाचं. आधीच मोजणाऱ्या बायका मोजत होत्या, ही लिहीत होती. मग पाणी समितीच्या बैठकीत भिंतीवर एक तक्ता लागला: पंपाचं नाव, आठवडा, आकडा. आकडा एका मर्यादेपुढे गेला की समितीने वॉशर मागवायचे, पंप बंद पडण्याची वाट बघायची नाही. मर्यादा किती असावी यावर दोन बैठका वादावादी झाली आणि ती समितीनेच ठरवली. तिचा प्रबंध याच तक्त्यावर उभा राहिला. विभागाने पंधरा क्रेडिट दिले. ती परत गेली त्यालाही आता बराच काळ लोटला. मी नंतर गेलो तेव्हा तिचा तक्ता भिंतीवर नव्हता, त्याच जागी दुसरा, हाताने आखलेला होता, आणि त्यात दोन पंप वाढलेले होते.

ही गोष्ट सविस्तर सांगण्याचं कारण आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्यात बाहेरून आलेल्यांना नवा पंप बसवण्याची भारी हौस असते. उद्घाटन होतं, फोटो होतात. पण २००९ मध्ये सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांतली माहिती एकत्र केली गेली तेव्हा तिथले एक तृतीयांशाहून जास्त हातपंप बंद होते. अडचण पंपांच्या संख्येची कमी आणि सुट्या भागांची, दुरुस्तीची, जबाबदारीची जास्त होती. दक्षिण आफ्रिकेतून एक कल्पना निघाली होती: मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं आणि त्या फिरण्यावर पंप चालायचा. २००६ च्या सुमारास तिला मोठा निधी मिळाला, शेकडो पंप बसले. मुलं सतत खेळत नाहीत, मग बायकांनाच ते जड चाक हाताने ढकलावं लागलं. बिघडलं तर गावातला मेकॅनिक ते उघडूही शकत नव्हता. काही वर्षांत ती मोहीम गुंडाळली गेली. पहाटे रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ही अडचण पहिल्या आठवड्यात दिसली असती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कार्यक्रम निवडताना पाहायचं ते हे, की कामाचा विषय कुणी ठरवला. १९७९ मध्ये अमेरिकेत सर्व्हिस लर्निंगची तीन तत्त्वं मांडली गेली, ती आजही मला पुरतात. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांचाच सेवेवर ताबा असावा. सेवेमुळे ते स्वतःसाठी आणि इतरांसाठी काम करायला जास्त समर्थ व्हावेत. आणि सेवा करणारा हाही शिकणारा असतो, काय शिकायचं यात त्याचाही वाटा असतो. पहिलं तत्त्व सगळे मान्य करतात आणि सगळ्यात आधी तेच मोडतात. माहितीपत्रकात ‘आमचे स्वयंसेवक शाळा रंगवतात, बाग तयार करतात, मुलांना इंग्रजी शिकवतात’ असं दर महिन्याला तेच काम असेल, तर ते काम गावाने मागितलेलं नाही. एकच शाळा किती वेळा रंगवणार?

वेळेचंही तसंच. पहिले पाच-सहा आठवडे तुम्ही गावावर भार असता. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण कबूल करायला हवं. तुमच्यासाठी कुणीतरी वेगळं पाणी उकळतं, कुणीतरी दुभाषा म्हणून आपलं शेत सोडून येतं, तुम्ही आजारी पडलात तर कुणीतरी रात्री गाडी शोधतं. माझ्या हातून याबाबत एक मोठी चूक झाली आहे. मी एकदा चार मुलांना ऐन कापणीच्या दिवसांत दोन आठवड्यांसाठी पाठवलं. विद्यापीठाची सुट्टी तेव्हाच होती, एवढंच मी बघितलं. यजमान कुटुंबांनी एक शब्द तक्रारीचा काढला नाही. नंतर हिशोब मांडला तेव्हा कळलं की त्या चार मुलांच्या मदतीपेक्षा त्यांच्यामागे गेलेले गावाचे दिवस जास्त होते. तेव्हापासून मी कार्यक्रमाच्या तारखा आधी गावाला विचारतो, विद्यापीठाला नंतर. आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कामाला मी शिक्षण म्हणत नाही. छोटं वर्ककॅम्प जरूर करा, ओळख म्हणून ते चांगलं आहे, फक्त त्यावर प्रबंध उभा करायला जाऊ नका.

पहिल्या महिन्यात करायला चांगली कामं आहेत, त्यासाठी अधिकार किंवा निधी लागत नाही. लोकांसोबत शिवारफेरी करा, म्हणजे गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि जमीन, पाणी, झाडं, घरं कशी बदलतात ते त्यांच्याकडून ऐका. गावकऱ्यांना जमिनीवर काठीने गावनकाशा काढू द्या. पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा काढून घेतलात तर दोन निराळी गावं दिसतील: एकात रस्ते आणि शेतांच्या हद्दी ठळक, दुसऱ्यात पाणवठे आणि सरपणाच्या वाटा. वर्षाचं कॅलेंडर मांडा, कुठल्या महिन्यात काम जास्त, अन्न कमी, आजार जास्त. आणि मुद्दाम पक्क्या रस्त्यापासून दूरच्या घरांत जा. बाहेरचे पाहुणे गाडी जाते तिथपर्यंतच जातात, कोरड्या ऋतूतच जातात आणि पुढाऱ्यांशीच बोलतात. पावसाळ्यात, दोन तास चालून पोचायच्या वस्तीवर राहिलात तर तुमची टिपणं आपोआप इतरांपेक्षा वेगळी होतील.

भाषेला दुय्यम समजू नका. राजधानीत चालणारी भाषा आणि गावात चुलीपाशी बोलली जाणारी भाषा बऱ्याचदा वेगळी असते. यजमान संस्थेला आधीच विचारा आणि गावाची भाषा शिका. पहिल्या महिन्यात रोज दोन तास दिलेत तरी पंपावर मोजणाऱ्या बाईला ‘किती?’ एवढं विचारता येतं, आणि तिथून पुढचं बरंच काही ती सांगते.

एका गोष्टीवर मी कुणाचीही भीड ठेवत नाही: अनाथालयात स्वयंसेवा करायला जाऊ नका. लहान मुलांसोबत काम करावंसं वाटणं चांगलं आहे, पण परदेशी पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून आईबाप असलेल्या मुलांना अशा संस्थांत आणून ठेवण्याचे प्रकार अनेक देशांत उघड झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत या व्यापाराला गुलामगिरीचा प्रकार म्हणून ओळखलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. शिवाय दर दोन महिन्यांनी नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो, हे त्या लेकरांनी किती वेळा सोसायचं? तसंच आरोग्याच्या कामात. आपल्या देशात जे करायला परवाना लागतो, ते दुसऱ्याच्या देशातल्या गरिबावर करू नये. इंजेक्शन देऊ द्या, टाके घालू द्या असं आमिष दाखवणारा कार्यक्रम तिथल्या तिथे नाकारा.

गावातली माहिती प्रबंधात वापरणार असाल तर तुम्ही संशोधक आहात, आणि त्याचे नियम लागू होतात. विभागाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी जाण्याआधी घ्यावी लागते, तिला काही आठवडे ते काही महिने लागतात. काही देशांत सरकारी संशोधन परवाना वेगळा असतो, जसा केनियात नाकोस्टीचा आणि टांझानियात कॉस्टेकचा. ‘मी तर फक्त विद्यार्थी आहे’ हे कारण चालत नाही. औषधी वनस्पती, बियाणं, पारंपरिक ज्ञान असा विषय असेल तर २०१४ पासून लागू झालेला नागोया प्रोटोकॉल, म्हणजे अशा गोष्टी वापरताना संमती आणि फायद्यातला वाटा यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, नीट समजून घ्या, नमुने बॅगेत टाकून आणण्याचे दिवस गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी यांवर ती उभी आहे. वर्षानुवर्षं ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांनीच सांगितलेल्या त्या अटी आहेत, म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला त्या वाचायला लावतो. निष्कर्ष गावाला त्यांच्या भाषेत परत सांगणं ही तर किमान गोष्ट.

व्हिसाबद्दल. ‘पगार नाही म्हणजे नोकरी नाही, म्हणजे पर्यटक व्हिसा चालेल’ हा समज फार महागात पडतो. बऱ्याच देशांत बिनपगारी कामही कामच धरतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. विद्यार्थी व्हिसावर साधी ‘व्हॉलंटिअरिंग’ आणि करारानं बांधलेलं ‘व्हॉलंटरी वर्क’ यात फरक करतात. दुसऱ्या प्रकारचे तास आठवड्याच्या कामाच्या मर्यादेत मोजले जातात, जी पदवी अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना सहसा २० तास असते. फक्त धर्मादाय संस्थेत काम करायला जायचं तर वेगळा चॅरिटी वर्कर व्हिसा आहे, कमाल १२ महिन्यांचा आणि बिनपगारी. प्रत्येक देशाचं गणित निराळं, म्हणून वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधा आणि यजमान संस्थेला लेखी विचारा, ‘तुमचे आधीचे स्वयंसेवक कोणत्या व्हिसावर आले?’ उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

तब्येतीचं थोडक्यात सांगतो. प्रवासाच्या किमान सहा-आठ आठवडे आधी प्रवास-आरोग्याच्या डॉक्टरांना भेटा, कारण काही लसींचे अनेक डोस असतात. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. जवळचा दवाखाना तासन्‌तास लांब असेल तर रेबीजची आगाऊ लस घेण्याबद्दल आवर्जून विचारा. विम्यात आजारी माणसाला हलवून नेण्याचा खर्च धरला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आणि पदव्युत्तर प्रवेश. निवड समितीत बसलेल्यांशी माझं बरंच बोलणं झालं आहे. ‘गरिबी जवळून पाहिली, आयुष्य बदललं’ असं लिहिलेले अर्ज त्यांच्याकडे ढिगाने येतात. माझ्या त्या विद्यार्थिनीने उद्देशपत्रात पहिलं वाक्य तेरा आणि सतरा या दोन आकड्यांचं लिहिलं होतं. पुढे झडप, मग समितीचा वाद, मग स्वतःची प्रश्नावली का फसली ते. मुलाखतीत तिला अर्धा तास फक्त त्यावरच विचारलं. शिवाय तिला शिफारसपत्र पाणी समितीच्या अध्यक्षबाईंनी दिलं होतं, आठ ओळींचं, भाषांतर जोडलेलं. प्राध्यापकाच्या पत्राइतकंच ते कामाला आलं.

आता तुमच्यासमोरच्या संस्थेबद्दल. तिचं नाव इथे घेत नाही, पण तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात मला खटकलेल्या गोष्टी सांगतो. नोंदणी फी ‘परत मिळणार नाही’ असं ठळक आहे, पण त्यातले किती पैसे यजमान कुटुंबाला जातात याचा उल्लेख कुठेच नाही. गावाचं नाव नाही, फक्त देश आहे. पर्यवेक्षक कोण, त्याचं शिक्षण काय, तो गावात राहतो की शहरात, काही नाही. आणि जाण्याआधी काही महिने देणग्या गोळा करण्याचं काम ‘प्रशिक्षण’ म्हणून धरलं आहे. त्याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

तरी लगेच नाही म्हणू नका, आधी विचारा. त्यांना आजच एक ईमेल लिहा: गाव कोणतं, तिथे तुमची संस्था किती वर्षं आहे, यावेळचं काम गावात कुणी आणि कोणत्या बैठकीत ठरवलं, फीचा तपशील काय, आधीच्या तीन स्वयंसेवकांशी आणि एका यजमान कुटुंबाशी मला बोलता येईल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चांगली संस्था यजमानांशी फोन जोडून द्यायला कचरत नाही, वेळ लागला तरी जोडून देते. सोबत तुमच्या विभागप्रमुखांना भेटून लर्निंग अॅग्रीमेंटचा कोरा नमुना मागून घ्या, आणि जर्मन योजनांचा विचार असेल तर भाषेचा वर्ग याच महिन्यात सुरू करा. संस्थेचं उत्तर आलं की ते आणि तो नमुना दोन्ही मला पाठवा, उद्दिष्टांचा भाग आपण मिळून लिहू.